सोनीच्या पेटीतले परके इंजिन : हातात मावणाऱ्या खेळयंत्रांचा दुर्लक्षित इतिहास

#थ्रेड

१/
३ डिसेंबर २०१८ रोजी सोनीने ‘प्लेस्टेशन क्लासिक’ नावाची एक छोटी राखाडी पेटी बाजारात आणली. १९९४ च्या मूळ प्लेस्टेशनची ही लघुप्रतिकृती. आत वीस जुने खेळ आणि ते चालवणारा एक एम्युलेटर. यंत्रातील परवान्यांच्या यादीत त्या एम्युलेटरचे नाव नोंदलेले होते : पीसीएसएक्स रीआर्म्ड. तो सोनीच्या अभियंत्यांनी लिहिलेला नव्हता. तो हौशी प्रोग्रामरांनी, प्रामुख्याने ‘पँडोरा’ नावाच्या एका अल्पपरिचित हँडहेल्ड यंत्रासाठी, विनामोबदला घडवलेला होता.

२/
याच सोनीने १९९९ मध्ये प्लेस्टेशनचे एम्युलेटर बनवणाऱ्या दोन कंपन्यांना न्यायालयात खेचले होते. एकोणीस वर्षांनंतर स्वतःचाच वारसा विकताना तिला एम्युलेटरचाच आधार घ्यावा लागला. या विसंगतीवर तेव्हा बरेच विनोद झाले. त्यामागचा इतिहास मात्र फारसा सांगितला गेला नाही. तो इतिहास मोठ्या कंपन्यांचा नाही. दुर्बळ प्रोसेसर, तुटपुंजी मेमरी आणि दोन पेन्सिल सेल एवढ्या भांडवलावर आर्केडचे जग हाताच्या तळव्यावर आणू पाहणाऱ्या माणसांचा तो आहे. ‘फुकट खेळांची हौस’ अशी त्यांच्या कामाची बोळवण करणे हा इतिहासलेखनातील अन्याय आहे, ही या थ्रेडची भूमिका.

३/
आधी दोन संज्ञा. एम्युलेटर म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राचे हुबेहूब सोंग वठवणारा प्रोग्राम. जुन्या यंत्राचा प्रोसेसर, ध्वनीची चिप, चित्रे रेखाटणारे परिपथ या सर्वांचे वर्तन तो सॉफ्टवेअरने पुन्हा उभे करतो. खेळाचा मूळ मजकूर, म्हणजे रॉम, त्याच्याकडे बाहेरून येतो. ‘पोर्ट’ करणे म्हणजे एका प्रकारच्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्राम निराळ्या घडणीच्या यंत्रावर चालेल असा करून घेणे. हे केवळ प्रत उतरवणे नव्हे. मोडीतील कागद देवनागरीत आणताना अक्षरओळख पुरत नाही, जोडाक्षरांची आणि संक्षेपांची रीतही जाणावी लागते, तसेच काहीसे येथे घडते.

४/
या खटाटोपाची गरज काय होती? आर्केड यंत्रे नाशवंत असतात, हे त्याचे उत्तर. कॅपकॉम कंपनीची १९९३ मध्ये आलेली सीपीएस-२ प्रणाली पाहावी. तिच्या पाट्यांवरील खेळ कूटबद्ध असत आणि कूट उलगडण्याची किल्ली एका बॅटरीवर तगून राहणाऱ्या मेमरीत ठेवलेली असे. बॅटरी संपली की किल्ली नाहीशी आणि पाटी कायमची मुकी. चोरट्या प्रती रोखण्यासाठी कंपनीने हा उपाय योजला होता. पण त्याचा अर्थ असाही होता की, प्रत्येक पाटीच्या पोटात तिच्या मृत्यूची वेळ भरून ठेवलेली होती. हौशी मंडळी या पाट्यांना ‘आत्मघाती बॅटरी’ असलेल्या पाट्या म्हणत.

५/
२००१ च्या आरंभी सीपीएस-२ शॉक या गटाने, चालू स्थितीतील पाट्यांकडूनच उलगडलेला मजकूर काढून घेण्याची युक्ती शोधली. २००७ मध्ये मूळ कूटपद्धतीच उकलली गेली. पैकी एकाही कामासाठी कोणत्या संग्रहालयाने वा विद्यापीठाने पैसा पुरवला नव्हता. ते झाले नसते, तर त्या प्रणालीवरील खेळांचे अस्तित्व कंपनीच्या कपाटात काय जपले गेले होते यावरच अवलंबून राहिले असते.

६/
या चळवळीचा मध्यवर्ती ग्रंथ म्हणजे ‘मेम’. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ५ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आरंभी पॅकमॅनच्या कुळातील मोजक्या यंत्रांपुरते असलेले हे काम पुढे हजारो आर्केड यंत्रांच्या नोंदवहीत रूपांतरित झाले. यंत्रांच्या रचनेचे जतन हा आपला हेतू असून खेळता येणे हा केवळ आनुषंगिक लाभ आहे, अशी त्या प्रकल्पाची जाहीर भूमिका आहे. ही भूमिका अनेकांना बचावाची सबब वाटते. परंतु त्याची संहिता उघडून पाहिली, तर कुठल्या पाटीवर कोणती चिप किती मेगाहर्ट्झने धावत होती याच्या इतक्या काटेकोर नोंदी आढळतात की, सबबीसाठी कोणी एवढे कष्ट घेत नाही.

७/
आता हँडहेल्डकडे. नोव्हेंबर २००१. दक्षिण कोरियातील गेम पार्क कंपनीने ‘जीपी३२’ हे यंत्र आणले. कोरियात जपानी सांस्कृतिक वस्तूंवर दीर्घकाळ निर्बंध होते आणि ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सैल झाले. त्यापूर्वी निन्टेन्डोची यंत्रे तेथे ह्युंदाईच्या आणि सेगाची यंत्रे सॅमसंगच्या नावाखाली विकली जात. या पार्श्वभूमीवर देशी हँडहेल्डची कल्पना उचलली जाणे स्वाभाविक होते.

८/
कागदावर हे यंत्र दणकट होते. १३३ मेगाहर्ट्झचा आर्म प्रोसेसर, ८ मेगाबाइट मेमरी, ३२० × २४० बिंदूंचा पडदा. त्याच वर्षीच्या गेम बॉय अॅडव्हान्सचा प्रोसेसर १७ मेगाहर्ट्झच्याही आतला होता. पण अधिकृत खेळ मोजकेच आले. निन्टेन्डोशी झुंजण्याइतके खेळ कोण लिहिणार?

९/
कंपनीने मात्र एक दार उघडे ठेवले होते. खेळ लिहिण्याची साधने कोणालाही मोफत मिळत आणि स्मार्टमीडिया कार्डावर घातलेला स्वतःचा प्रोग्राम यंत्र मुकाट्याने चालवत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या उद्योगाची रीत नेमकी उलट होती : यंत्र तुमचे, परंतु त्यावर काय चालावे हे ठरवणार कंपनी. या एका उघड्या दारामुळे बाजारात अयशस्वी ठरलेले यंत्र इतिहासात टिकून राहिले.

१०/
पोर्ट करणाऱ्यांपुढची पहिली अडचण दिसायला क्षुल्लक होती : पडद्याचा आकार. पॅकमॅनचे आर्केड यंत्र उभ्या पडद्याचे, २२४ × २८८ बिंदूंचे. हँडहेल्डचा पडदा आडवा आणि २४० बिंदूच उंच. म्हणजे २८८ ओळींपैकी ४८ ओळी टाकायच्या कुठे? ओळी गाळल्या तर चक्रव्यूहाच्या भिंती वाकड्या दिसतात आणि चित्र आक्रसले तर ठिपके पुसट होतात. यावर तोडगा निघाला तो यंत्रच उभे धरण्याचा! वळवलेला पडदा २४० × ३२० होतो आणि त्यात २२४ × २८८ चे चित्र अखंड मावते. मग बटणे मात्र भलत्याच बाजूला येतात आणि खेळणाऱ्याची बोटे कुरकुरतात. बहुतेक पोर्टमध्ये दोन्ही पर्याय ठेवलेले असत. मूळ चित्राशी निष्ठा की हाताची सोय, हा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवलेला.

११/
दुसरी अडचण अंकांच्या क्रमाची. त्या काळातील असंख्य आर्केड पाट्या, निओ जिओ आणि सेगा मेगा ड्राइव्ह यांत मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर असे. तो मोठी संख्या मेमरीत ठेवताना वरचा अर्धा भाग आधी ठेवतो. हँडहेल्डमधील आर्म प्रोसेसर खालचा भाग आधी वाचतो. शिलालेख वाचणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. शब्दांकांत दिलेला शक उजवीकडून डावीकडे लावायचा असतो, हे ठाऊक नसणारा वाचक शतकांची उलथापालथ करून ठेवतो. एम्युलेटरला अशी उलथापालथ सेकंदाला लाखो वेळा टाळावी लागते. प्रत्येक वाचनाच्या वेळी अंक फिरवत बसले तर वेग मरतो. म्हणून खेळ मेमरीत घेतानाच साऱ्या मजकुराच्या जोड्या एकदाच उलटून ठेवायच्या, अशी रीत रूढ झाली.

१२/
तिसरी अडचण खरी जीवघेणी. सी भाषेत लिहिलेले ६८००० चे सोंग घरच्या संगणकावर आरामात चाले, या चिमुकल्या यंत्रावर ते रांगत असे. ‘डेव्ह’ या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने मग ‘सायक्लोन’ नावाचा ६८००० एम्युलेटर थेट आर्म प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरेल असा रचला. ‘रीझी’ या टोपणनावाच्या दुसऱ्याने झेड८० प्रोसेसरसाठी तेच केले. हे दोन तुकडे पुढे अनेक पोर्टमध्ये जसेच्या तसे बसवले गेले. कोणत्याही शोधनिबंधात त्यांचा उल्लेख सहसा सापडत नाही. आर्म प्रोसेसरवरच्या आर्केड एम्युलेशनची एक संपूर्ण पिढी मात्र त्यांच्या खांद्यावर उभी राहिली.

१३/
आणि मेमरी. निओ जिओवरील ‘द किंग ऑफ फायटर्स ९८’ हा खेळ ६८३ मेगाबिटचा, म्हणजे सुमारे ८५ मेगाबाइटचा. जीपी३२ ची मेमरी ८ मेगाबाइट. तिच्या वारसदाराची, २००५ च्या ‘जीपी२एक्स’ची, ६४. तेव्हा चित्रांचा साठा कार्डावरच ठेवायचा, लागेल तो तुकडा तेवढा मेमरीत आणायचा आणि जुना काढून टाकायचा, हा मार्ग उरला. मूळ यंत्रात जे क्षणात होत असे त्यासाठी येथे अखंड आवकजावक चालू ठेवावी लागे.

१४/
जीपी२एक्स लिनक्सवर चाले आणि त्यात २०० मेगाहर्ट्झचे दोन आर्म प्रोसेसर होते. दुसरा प्रोसेसर लिनक्सच्या हुकमाखाली नव्हता. त्याला काम द्यायचे तर त्याच्याशी थेट बोलावे लागे. मेगा ड्राइव्हचा एम्युलेटर ‘पिकोड्राइव्ह’ या यंत्रावर आणताना ‘नोटाझ’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने वायएम२६१२ या ध्वनीचिपचे सोंग त्या दुसऱ्या प्रोसेसरकडे सोपवले. एक जण खेळ चालवतो, दुसरा वाद्यवृंद सांभाळतो. मूळ मेगा ड्राइव्हमध्येही मुख्य प्रोसेसर आणि ध्वनी सांभाळणारा झेड८० अशी विभागणी होतीच. अडचणीतून काढलेली वाट मूळ रचनेच्या जवळ जाऊन पोहोचली, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

१५/
येथे एक विषयांतर, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला टाळता न येणारे. या हँडहेल्डवरील मेमच्या गाजलेल्या पोर्टचा कर्ता ‘फ्रँक्सिस’. त्याने पाया म्हणून घेतलेली आवृत्ती होती ०.३७बी५, म्हणजे २००० सालची. नवी का नाही? नव्या आवृत्त्यांनी वेगाचा बळी देऊन अचूकता पत्करली होती. दुबळ्या यंत्राला ते परवडणारे नव्हते. त्यामुळे झाले असे की, मुख्य प्रकल्प पुढे चुका दुरुस्त करत गेला आणि दोन हजारांहून अधिक रॉमसंच चालवणारी २००० सालची आवृत्ती हँडहेल्डवर वर्षानुवर्षे नांदत राहिली. आजही ती ‘मेम २०००’ या नावाने वापरात आहे.

१६/
पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती अभ्यासकांसाठी प्रमाण ठरली, तरी घरोघरचे पारायण प्रचलित पाठावरच चालू राहिले. मेमचेही तसेच. एक चिकित्सक पाठ, एक लोकपाठ. अचूकतेचे अभिमानी लोकपाठाला हिणवतात. त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे, कारण त्या आवृत्तीत काही खेळांचे आवाज चुकीचे किंवा अपुरे आहेत. तरीही कोणते खेळ लोकांच्या स्मृतीत प्रत्यक्ष जगले, याचा पुरावा लोकपाठच देतो. इतिहासकाराला दोन्ही पाठ हवेत.

१७/
सोनीच्या पीएसपीचा अनुभव याच्या उलट. यंत्र विलक्षण ताकदीचे, पण कुलूपबंद. २००५ पासून कुलूप फोडणारे आणि बसवणारे यांचा जो खेळ चालला, त्यात पोर्ट करणाऱ्यांची उमेद निम्म्याने खर्ची पडली. कंपनीच्या प्रत्येक नव्या फर्मवेअरसरशी कालची वाट बंद. त्या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच पुरे.

१८/
कायद्याचे काय? कनेक्टिक्स कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ दाखवले. मॅक संगणकावर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा हा एम्युलेटर होता. सोनीने दावा लावला आणि खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. यंत्राची रचना समजून घेण्यासाठी केलेली मधली नक्कल हा न्याय्य वापर ठरतो, असा तो निर्णय. हरलेल्या सोनीने २००१ मध्ये ते उत्पादनच विकत घेतले आणि बंद करून टाकले. ‘ब्लीम’ ही दुसरी कंपनी न्यायालयात टिकली, पण वकिलांच्या खर्चाने बुडाली.

१९/
म्हणजे तत्त्व एम्युलेटरांच्या बाजूने लागले, पण ज्यांच्या नावाने लागले त्या दोन्ही कंपन्या उरल्या नाहीत. उरले ते नफ्याशी संबंध नसलेले हौशी लोक. त्यांना विकत घेणे शक्य नव्हते आणि दिवाळखोरीत काढणेही शक्य नव्हते, कारण काढण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हतेच.

२०/
या हौशी वाटेनेच पँडोरा आली. जीपी२एक्सच्या वापरकर्त्यांमधूनच तिची कल्पना निघाली आणि २०१० मध्ये ती लोकांच्या हाती पडू लागली. ६०० मेगाहर्ट्झचा आर्म प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी. नोटाझने तिच्यासाठी प्लेस्टेशनचा जुना खुला एम्युलेटर पीसीएसएक्स हाती घेतला. प्लेस्टेशनच्या मिप्स प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा दर वेळी वाचून पाळण्याऐवजी आज्ञांचे गट एकदाच आर्मच्या भाषेत भाषांतरित करून ठेवणारा भाग ‘एरी६४’ याच्या कामावर उभा होता. चित्रे रेखाटणारा वेगवान भाग ‘एक्झोफेज’चा. हे भाषांतर चोख उतरले म्हणूनच तो एम्युलेटर पुढे आर्म प्रोसेसरच्या कोणत्याही स्वस्त यंत्रावर धावू लागला. आणि प्लेस्टेशन क्लासिकमध्ये होते काय? आर्म प्रोसेसरच.

२१/
येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. सोनीने काही चोरले नाही. पीसीएसएक्स रीआर्म्डचा परवाना जीपीएल आहे, तो व्यापारी वापराला मुभा देतो आणि कंपनीने नाव नोंदवले. मुद्दा चोरीचा नसून श्रेयाच्या मापाचा आहे. परवान्यांच्या यादीतील एका ओळीपलीकडे त्या यंत्राच्या जाहिरातीत या माणसांना जागा नव्हती. शिवाय वीसपैकी नऊ खेळ कंपनीने युरोपीय, ५० हर्ट्झच्या आवृत्तीतून घेतले. ते संथ वाटतात म्हणून टीका झाली, तेव्हा अनेकांनी दोष एम्युलेटरच्या माथी मारला. वस्तुतः पाठाची निवड कंपनीची होती. नकलकार निर्दोष होता.

२२/
आता प्रतिवाद, कारण तो खरा आहे. या पोर्टवर खेळणाऱ्या बहुसंख्यांनी रॉम विकत घेतलेले नव्हते. जतनाची भाषा बोलणाऱ्या चळवळीने हे सत्य झाकू नये. आज तर हजारो खेळ आधीच भरलेली कार्डे घातलेली स्वस्त हँडहेल्ड सर्रास विकली जातात. त्यांत खेळकर्त्यांचे हक्क तर तुडवले जातातच, पण एम्युलेटर लिहिणाऱ्यांचेही तुडवले जातात. पिकोड्राइव्ह आणि एसएनईएस९एक्स यांचे परवाने व्यापारी वापराला मनाई करतात. मेमचाही परवाना २०१६ पर्यंत तसाच होता. ज्यांनी मोबदला नाकारून काम केले, त्यांच्या कामावर तिसराच गल्ला भरतो. या विक्रेत्यांना ‘जतनकर्ते’ म्हणणे म्हणजे मंदिरातील मूर्ती उचलून विकणाऱ्याला पुरातत्त्वज्ञ म्हणणे होय.

२३/
परंतु यावरून पोर्ट करणाऱ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे तर्कदुष्ट आहे. एम्युलेटर आणि रॉम या भिन्न वस्तू आहेत. न्यायालयानेही पहिल्याला दोषमुक्त ठरवले आहे. दुसऱ्या बाजूला हक्कधारकांची कामगिरी काय? व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांसाठी दूरस्थ पद्धतीने खुले करू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. मालक छापत नाही, ग्रंथालयाला देऊ देत नाही आणि नकलकाराला चोर म्हणतो. ही भूमिका छापील पुस्तकांच्या बाबतीत कोणी मान्य केली असती काय?

२४/
राहता राहिला साधनांचा प्रश्न, आणि तोच सर्वांत निकडीचा आहे. या कामाचा इतिहास लिहिण्याची साधने म्हणजे प्रत्येक पोर्टसोबत येणारी एक साधी ‘रीडमी’ फाइल. कोणत्या आवृत्तीत कोणता खेळ किती वेगाने चालू लागला, कोणाची संहिता उसनी घेतली, कोणाचे आभार मानले, बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळवेग किती ठेवावा, असा सारा तपशील त्यात असतो. पुणे दफ्तरातील जमाखर्चाच्या रुमालांवरून पेशवाईचे अर्थकारण उलगडते. या याद्याही त्याच जातीच्या आहेत : लिहिणाऱ्याला इतिहास घडवायचा नव्हता, म्हणूनच विश्वासार्ह.

२५/
फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये उभारलेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह जगभरची खुली संहिता साठवतो. पण जीपी३२ च्या काळातील पुष्कळ पोर्ट कोणत्याही संहिताभांडारात कधी ठेवलेच गेले नाहीत. ते झिप फाइलच्या रूपाने हातोहात फिरले. कर्ते टोपणनावांआड राहिले, कित्येकांनी पुढे हे काम सोडले. उरलेल्या प्रती आहेत त्या त्या काळच्या स्मार्टमीडिया कार्डांवर. ती कार्डे आता बनत नाहीत, ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आहेत आणि त्यांतील विद्युतभार वर्षागणिक आपोआप ओसरत असतो.